दिल्लीहून काय आणावं?



दिल्लीला निघालेली मंडळी हमखास विचारतात, "तिथून आठवण म्हणून काय आणू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: चांदणी चौकातल्या दरीबा कलाँमधून चांदीची छोटी वाटी किंवा कलश आणा. त्या गल्लीने दिल्लीचं सिंहासनही जाताना पाहिलं आहे.

शाहजहानने १६३९ मध्ये इथे नवी राजधानी वसवायला घेतली. चांदणी चौक १६५० मध्ये त्याची मुलगी जहाँआरा हिने करवला. मधून कालवा वाहायचा. त्याला लागूनच दरीबा, जवाहिऱ्यांची गल्ली.

मार्च १७३९ मध्ये नादिरशहाने इथे कत्तल आणि लूट करवली. जाताना त्याने मयूरासनही नेलं. ते परत आलं नाही, दरीबा मात्र पुन्हा उभा राहिला. १८५७ नंतर इंग्रजांनी शहर लुटलं, किल्ल्याजवळची वस्ती पाडली. सराफ तरीही पेढीवर परत आले. सराफाचं खरं भांडवल त्याच्या नावात असतं. कॉमर्सला आम्ही त्याला गुडविल म्हणायचो, जुनी माणसं पत म्हणायची.

ही पत धर्मकार्यातही दिसते. दिल्ली इंग्रजांच्या हाती गेल्यावर चारच वर्षांनी, १८०७ मध्ये, मोगलांचे खजिनदार राजा हरसुखराय यांनी जवळच्या धरमपुऱ्यात नया मंदिर उभारलं. खरेदीआधी तिथे आणि लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात दर्शन घ्या.

मग दरीब्यात या. चांदीवर ९२५ चा हॉलमार्क बघा, पावती घ्या. किनारी बाजारात गोटा आणि जरीची किनार मिळते; चंदोव्याला, तोरणाला छान दिसते.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. जुन्या पद्धतीत वर्ख जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांत ठेवून कुटतात. वर्ख लावलेली मिठाई म्हणूनच डोळे झाकून घेऊ नये. अस्सल कस्तुरीही हरणाचा जीव घेऊन मिळवत आले. अत्तर हवंच असेल तर मातीचं घ्या. भाजलेल्या मातीचं ऊर्ध्वपातन करून ते काढतात. पहिल्या पावसाचा वास येतो.

आणलेली वस्तू शोकेसमध्ये ठेवू नका. कलश अभिषेकाला वापरा. नातवंडांनी विचारलं की दरीब्याची गोष्ट सांगा: तख्त गेलं, पत राहिली.