जिमखान्यावरचे ११ षटकार
१९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली स्त्री ठरली. माझा जीव मात्र त्या वर्षीच्या १ डिसेंबरात, बॉम्बे जिमखान्यावर अडकलेला. आर्थर गिलिगनच्या एमसीसी या इंग्लिश क्रिकेट संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना नागपूरच्या सी. के. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या. ११ षटकार, १३ चौकार. म्हणजे ११८ धावा नुसत्या सीमापार! आणि जिमखाना कोणता? जिथे हिंदी माणसाला सभासदत्वच नव्हतं. हे आठवलं की ऊर भरून येतो. गिलिगनने मग इथल्या मंडळींना स्वतःचं क्रिकेट मंडळ काढायला भरीस घातलं. १९२८ मध्ये ते उभं राहिलं आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवरच्या भारताच्या पहिल्या कसोटीत नायडूच कर्णधार होते.