बुधवार, रात्री आठ

तारीख 3 डिसेंबर 1952, वार बुधवार. उल्हासनगर मागे टाकून गाडी अंबरनाथला थांबते आणि तुम्ही उतरता. विमकोचा आगपेट्यांचा कारखाना नुकताच सुटलाय. सायकली, रिकामे डबे, बिडीचा धूर. धरमसी मोरारजीच्या खताच्या कारखान्याकडून गंधकाचा उग्र दर्प येतोय. नवखे तुम्ही एकटेच नाकाला रुमाल लावता, बाकी कुणाला तो जाणवतही नाही. पूर्वेला वालधुनीच्या काठी 1060 सालचं शिवमंदिर अंधारात उभं आहे. गावाची जुनी ओळख ते मंदिर, पण आता गावाचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालतो.

रेडिओ घरोघर नाही. तो आहे नाक्यावरच्या हॉटेलात, उंच फळीवर, क्रोशाचा रुमाल पांघरून. त्याचं लायसन पोस्टातून काढावं लागतं. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली आहे. मालक बटण फिरवतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत काहीच ऐकू येत नाही, मग खरखर, मग शिट्टी, कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्यांचा तुकडा. काटा केसभर सरकतो आणि रेडिओ सिलोन लागतं.

एक तरुण आवाज बोलू लागतो. वय जेमतेम वीस, नाव अमीन सयानी. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना तो बहिणींना आधी हाक मारतो. कार्यक्रमाचं नाव ‘बिनाका गीतमाला’, प्रायोजक एक टूथपेस्ट, वेळ अर्धा तास. सात गाणी वाजतील. ती कोणत्या क्रमाने प्रदर्शित झाली ते ओळखून कळवायचं, बक्षीस शंभर रुपये. निवेदन, लेखन, पत्रांची छाननी या सगळ्याचे त्या मुलाला आठवड्याला पंचवीस रुपये मिळतात. हे काम दुसऱ्या कुणाला नको होतं, म्हणून त्याच्याकडे आलं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजार येऊ लागली, असं सयानी पुढे अनेक मुलाखतींत सांगत.

चहा थंड होतोय, होऊ द्या. हा आवाज कुठून आला ते बघा. तो ध्वनिमुद्रित झाला मुंबईत, इथून लोकलने साठेक किलोमीटरवर. टेप विमानाने कोलंबोला गेली. कोलंबोजवळ एकला इथल्या ट्रान्समीटरवरून तो आवाज शॉर्टवेव्हने आभाळात गेला, आयनांबराच्या थरावर आपटून परत वळला आणि दीड हजार किलोमीटर कापून अंबरनाथच्या या फळीवर उतरला. आयनांबर स्थिर नसतं, म्हणून आवाज लाटेसारखा चढतो नि उतरतो. नेमकं लताबाईंच्या आलापाला तो बुडतो आणि सगळं हॉटेल एका अंगावर कलतं.

एवढा वळसा का? कारण दिल्लीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री आहेत. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा जाणकार. आकाशवाणीवर त्यांनी सिनेसंगीताला कात्री लावली, गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणंही जाहिरात ठरवलं. निर्मात्यांनी गाण्यांचे हक्कच काढून घेतले. केसकरांची तळमळ मला खोटी वाटत नाही. याच वर्षी सुरू झालेल्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाने थोर गवई घराघरांत पोचवले, ते त्यांच्याच काळातलं काम. पण शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला कोणतं गाणं हवंसं वाटावं, हे फतव्याने ठरत नाही. तो काटा फिरवतो आणि देशाबाहेर जातो.

आता हॉटेलातून निघून रुळांच्या कडेने मागे चालत या. तासाभरात कॅम्प लागेल. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ठेवण्यासाठी बांधलेला हा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्याच बराकींत राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्याचं नाव उल्हासनगर झालं. बराकीत पडदे लावून एकेका कुटुंबाची खोली केलेली. तिथेही सिलोन लागतं. गंमत बघा, सिलोनचं ते बलाढ्य प्रक्षेपण केंद्रही त्याच युद्धाचं, आग्नेय आशियातल्या फौजांच्या करमणुकीसाठी उभारलेलं. फौजा गेल्या. त्यांच्या बराकींत माणसं राहू लागली आणि त्यांच्या ट्रान्समीटरवर गाणी वाजू लागली.

1953 संपतंय. वर्षाचं अव्वल गाणं ‘अनारकली’तलं, संगीत सी. रामचंद्र यांचं. म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. विमकोच्या चाळीत नगर जिल्ह्यातलं कुणी असेल तर त्याची कॉलर आज ताठ असणार. 1954 पासून स्पर्धा जाऊन लोकप्रियतेची उतरंड आली, वेळ तासाची झाली. आता गाणं ‘पायदान’ चढतं किंवा उतरतं. सर्वांत वरच्या ‘सरताज’ गीतासाठी बिगुल वाजतो. क्रम ठरतो दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवर. रेकॉर्डच संपल्या तर हिशोब चुकतो, म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही धरू लागले.

गुरुवारी सकाळी लोकलच्या डब्यात चढून बघाच. कोपऱ्यात सिंधी कापडवाला, त्याच्या समोर ऑर्डनन्स फॅक्टरीचा फिटर, दारात बदलापूरहून भाजी घेऊन निघालेली बाई, वर सामानाच्या फळीला धरून उभा उत्तर प्रदेशचा भय्या. मागच्या आठवड्यातलं तिसरं पायदान पाचवर घसरलं कसं, यावर कल्याण येईपर्यंत तंटा. या तंट्याची भाषा यांच्यापैकी एकाच्याही घरची नाही, आणि ती अमीन सयानींच्याही घरची नव्हे. ते गुजराती. साधी हिंदुस्तानी ते शिकले आई कुलसुम सयानींच्या ‘रहबर’ या पाक्षिकातून, जे नवसाक्षरांसाठी, गांधीजींच्या इच्छेने, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. सगळ्यांना कळेल असंच बोलायचं, हा धडा एका साक्षरतेच्या पत्रातून रेडिओवर आला. त्या आवाजाचं माझ्या लेखी खरं मोल हे आहे. वेगवेगळ्या मुलखांतून पोटासाठी किंवा जिवासाठी आलेल्या माणसांना त्याने आठवड्यातला एक तास सामाईक करून दिला.

डिसेंबर 1967. ट्रान्झिस्टर आलाय, रेडिओ फळीवरून खाली उतरून ऑर्डनन्स क्वार्टर्सच्या ओट्यावर बसलाय. बायका दळण निवडता निवडता ऐकतात, हॉटेलात जाऊन त्यांना कधीच ऐकता आलं नव्हतं. संध्याकाळी मुंबई केंद्रावर ‘कामगार सभा’ होते, मराठी गाण्यांसाठी ‘आपली आवड’ आहे, पण बुधवारी आठ वाजता काटा सिलोनवरच. यंदाचं सरताज ‘मिलन’मधलं, लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. दिल्लीलाही उमगलंय. 1957 साली विविध भारती सुरू झाली आणि गेल्या महिन्यात, 1 नोव्हेंबरला, मुंबई-पुणे-नागपूरला तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. लोक ऐकतात तिथे जायचं, हे सरकारला पंधरा वर्षांनी पटलं.

पुढची वर्षं झरझर जातात. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत दूरदर्शन येतं, शेजाऱ्याच्या घरी ‘छायागीत’ बघायला रांगा लागतात. बिनाकाचं सिबाका होतं, आवाज तोच.

1989. गीतमाला कोलंबो सोडून विविध भारतीवर येते. साठ किलोमीटरवरचा आवाज आता खरंच साठ किलोमीटरवरूनच येतोय. ना शिट्टी, ना बुडणं. क्वार्टर्समधले निवृत्त फिटर तरी सवयीने कान सेटला लावून बसतात आणि नातू विचारतो, एवढं जवळ कशाला? यासाठी सदतीस वर्षं लागली, हे त्याला समजावून सांगायला हवं. आभाळातून गाणं खेचून आणायची ती मेहनत त्याला कधी करावी लागणार नाही, याचं मला बरंच वाटतं.

पाच वर्षांनी, 1994 मध्ये, नियमित कार्यक्रम थांबतो. बेचाळीस वर्षं झालेली असतात. केबल टीव्हीवर गाण्यांच्या क्रमवारीचे नवे कार्यक्रम सुरू आहेत आणि त्यांची उतरंड गीतमालेच्याच धर्तीची आहे. 20 फेब्रुवारी 2024 ला अमीन सयानी गेल्याची बातमी येते, तेव्हा तुम्ही पुन्हा अंबरनाथ लोकलमध्ये असता. शेजारचे गृहस्थ मोबाइलवरून मान वर करून विचारतात, ‘तुमच्याकडे कुठल्या मीटरवर लागायचं हो, पंचवीस की एकेचाळीस?’