पिंपळ्याचे सात एकर

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात 1771 साली एका खात्याची जमीन सरासरी 40 एकर होती. 1818 मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1914-15 मध्ये सातांवर. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी कानिटकर, सहस्रबुद्धे वगैरे सहकाऱ्यांना घेऊन हे गाव घरोघर, तुकड्या-तुकड्यांनी तपासलं आणि 1917 साली त्याचं पुस्तक काढलं. शेतजमिनीचे तुकडे कसे पडत गेले हे सांगायला तेव्हापासून जो तो हेच आकडे काढतो.

मीही काढते. जयपूरला गोपालपुरा बायपासवर यूजीसी-नेटच्या मुलांना मी संशोधन पद्धती शिकवते. टोंक रोडपासून गुर्जर की थडीकडे जाणारा हा रस्ता म्हणजे क्लासेसची पेठच. आरएएस, रीट, पटवारी, नेट, सगळं इथं मिळतं. इथली ‘लायब्ररी’ म्हणजे महिन्याच्या भाड्यानं मिळणारी खुर्ची आणि दिवा. पुस्तकं ज्याची त्यानं आणायची. नमुना निवडीचे प्रकार या मुलांना तोंडपाठ असतात. पण पिंपळ्याचे आकडे फळ्यावर लिहिले की कुणीतरी हमखास विचारतं, “मैम, भारत में आबादी बढ़ी, इसलिए जोत छोटी हुई। लिख लें?”

लिहू नका, म्हणते मी. एका वाक्यात दोन उड्या झाल्या. एका गावावरून अख्खा देश आणि घटत्या आकड्यावरून थेट कारण!

मॅनला पहिल्या उडीची धास्ती होती. पिंपळे पुणे आणि खडकीच्या कुशीत. शेतावर भागलं नाही तरी माणसाला छावणीत, कारखान्यात, शहरात रोजगार मिळायचा. अशा गावाची मिळकत पाहून दख्खनच्या कोरडवाहू गावाबद्दल काय बोलणार? म्हणून त्यानं दुसरं गाव निवडलं ते शहराच्या सावलीपासून लांब, शिरूरकडचं जातेगाव बुद्रुक. त्याचा अभ्यास 1921 साली आला आणि तिथली परिस्थिती पिंपळ्याहून बिकट निघाली. दोन गावं म्हणजे काही देश नव्हे. पण आपला आकडा कुठवर ताणता येईल हे पाहायला मॅन स्वतः दुसऱ्या गावी गेला, ही गोष्ट मला त्या सात एकरांहून मोलाची वाटते.

पुढं पाहणीतली गावं वाढली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ज्या समितीत होते, त्या रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीनं 1951-52 मध्ये 75 जिल्ह्यांतली 600 गावं घेतली आणि सव्वा लाखांवर कुटुंबांची माहिती गोळा केली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. एका गावावरून हे कुणाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

पण नमुना मोठा म्हणजे निष्कर्ष पक्का, असंही नाही. इथं मी सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्म्यांना बोलावते. चाळिसाच्या दशकात पिकाचा उतारा काढायला शेतातला लहानसा भाग कापून तोलायची पद्धत रुळत होती. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी अगदी छोटी वर्तुळं वापरली होती. काम झटपट, खर्च कमी, त्यामुळे पुष्कळ शेतं हाताखालून जात. सुखात्म्यांनी दाखवलं की छोट्या वर्तुळात उतारा फुगतो. गोम कडेला असते. बरोबर रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात आपसूक ते आत ओढतो.

हे मी फळ्यावर मांडते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे फूटभर कड. सुखात्म्यांच्या पद्धतीतला 33 फूट बाय साडेसोळा फुटांचा तुकडा घ्या. कड 99 फूट, क्षेत्रफळ 544 चौरस फुटांवर. इथं साडेपाच चौरस फुटांना एक फूट कड पडते, म्हणून हात ओढला गेला तरी फरक थोडा. छोटी वर्तुळं दहा हजार कापलीत तरी ती चूक दहा हजार वेळा एकाच बाजूला होणार. 1946 साली सुखात्म्यांनी हे ‘नेचर’मध्ये मांडलं.

हेच सुखात्मे पुढं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांना आडवे गेले. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 उष्मांक हा निकष धरून सांगितलं की 1960-61 मध्ये खेड्यातले सुमारे 40 टक्के आणि शहरातले सुमारे 50 टक्के लोक त्याखाली होते. सुखात्म्यांचा आक्षेप असा की गरज माणसागणिक वेगळी असते आणि एकाच निरोगी माणसाचीही कमी-जास्त होते; सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला तर भुकेल्यांची संख्या फुगते. दांडेकरांना ते पटलं नाही. हे भांडण पंडिती नव्हतं. रेषा कुठं ओढायची यावर कोट्यवधी माणसं गरिबांत मोजली जाणार की नाही, ते ठरत होतं.

“सही कौन था?” मुलं विचारतात. चार पर्यायांतून एक निवडायची सवय, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. मी म्हणते, आधी हे बघा की दांडेकरांनी निकष, वर्ष, आकडे सगळं उघड मांडलं होतं, म्हणून नेमकं कुठं बोट ठेवायचं ते सुखात्म्यांना कळलं. मॅननंही आपलं गाव कुठलं आणि कसलं, ते लपवलं नाही. जो हिशेब दाखवतो त्याच्याशीच भांडता येतं. बायपासवरच्या फलकांशी भांडता येत नाही. तिथं निवड झालेल्यांचे फोटो ओळीनं असतात, परीक्षेला किती बसले होते तो आकडा नसतो.

यावर वर्गात हशा पिकतो. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “और मैम, अपने बैच का?” मी आधी बसलेल्यांचा आकडा सांगते, मग पास झालेल्यांचा.