तकवा : किल्ला, इस्पितळ आणि अंतःकरण

भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ सातपुड्याच्या टेकड्यांमध्ये आंबागड नावाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधविला. बख्त बुलंदाने औरंगजेबाच्या काळात इस्लामचा स्वीकार केला होता आणि त्या धर्मांतराला गादीच्या वादाची पार्श्वभूमी होती. पुढे १७०२ मध्ये त्याने नागपूर वसविले. विदर्भातील इस्लामची कथा सांगताना आपण बहुधा येथूनच प्रारंभ करतो. परंतु राजा, सुभेदार आणि किल्ला हा झाला राज्याचा इतिहास. शेजारचे मुसलमान कुटुंब ज्या श्रद्धेने पहाटे उठते, तिचा मागोवा घ्यायचा तर ‘तकवा’ हा शब्द समजून घ्यावा लागतो.

तकवा म्हणजे देवभय, भक्तिभाव. या अरबी शब्दाच्या मुळाशी जपण्याचा, सांभाळण्याचा अर्थ आहे. देव आपल्याला पाहत आहे या जाणिवेने स्वतःला अधर्मापासून जपणे म्हणजे तकवा. पवित्र आत्म्याच्या सात दानांत देवाच्या भयाची गणना करणाऱ्या आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये.

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १७७ वी आयत या संदर्भात महत्त्वाची आहे. पूर्वेकडे वा पश्चिमेकडे तोंड वळविल्याने सदाचार पुरा होत नाही, असा तिचा आशय. देवावर, अंतिम दिवसावर, देवदूतांवर, ग्रंथावर व प्रेषितांवर विश्वास. प्रिय असलेले धन नातलग, अनाथ, गरजू व वाटसरू यांना देणे. प्रार्थना आणि जकात. दिलेला शब्द पाळणे. संकटात धीर धरणे, अशी तिची मोठी यादी आहे. म्हणजे पाच वेळची नमाज आणि बाजारातील वचन एकाच आयतीत शेजारी बसतात. रमजानच्या उपवासाचा हेतूही तकवा हाच सांगितला असून, असे उपवास पूर्वीच्या लोकांनाही नेमून दिले होते, असा उल्लेख आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या बचतीवर वर्षाला अडीच टक्के जकात द्यावी लागते, आणि ती घेण्याचा अधिकार असणाऱ्यांत कर्जबाजारी माणूसही येतो. आचारांची चौकट अशी स्पष्ट आहे. तरीही, परंपरा सांगते की, तकवा येथे असतो असे म्हणून प्रेषित महंमदांनी आपल्या छातीकडे बोट दाखविले.

जे छातीत आहे ते बाहेरच्यांनी ओळखावे कसे? भंडाऱ्याच्या पश्चिमेस नागपूर परिसरात हा प्रश्न एका माणसाच्या रूपाने उभा राहिला. ताजुद्दीन बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ रोजी कामठीस झाला. लहानपणीच ते पोरके झाले. तरुणपणी सैन्यात असताना सागर येथे एका सूफी साधूच्या समाधीपाशी ते रात्री घालवू लागले, आणि अखेर नोकरी सोडून भटकू लागले. मुले त्यांना दगड मारीत. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे सोळा वर्षे गेली. मात्र त्यांना भेटायला येणाऱ्यांची रीघ वाढतच गेली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. गोंडांच्या मुसलमान राजवंशाकडून नागपूरची सत्ता घेणाऱ्या भोसल्यांच्याच वंशजाने एका फकिराला आश्रय द्यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. नागपूरच्या ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक जातात.

सूफी परंपरेत अशा देवात हरवलेल्या माणसाला ‘मजझूब’ म्हणतात. त्याच परंपरेत नियम पाळत मार्ग चालणाऱ्याचे स्थानही मोठे मानले जाते, आणि समाधीपूजा न मानणारे मुसलमानही पुष्कळ आहेत. तेव्हा बाबा हे तकव्याचे एकमेव रूप नव्हे. उसनवारी वेळेवर फेडणारा तुमसरचा एखादा विणकर किंवा दुकानदारही त्या शब्दाचा तितकाच अधिकारी ठरतो.

आपल्या परंपरेतही असे उदाहरण आहे. पोर्तुगालमध्ये १४९५ साली जन्मलेले संत जॉन ऑफ गॉड हेही एकेकाळचे सैनिक. एका प्रवचनाने ते इतके हादरले की, लोकांनी त्यांना वेडे ठरवून ग्रानादाच्या राजेशाही इस्पितळात डांबले. तेथे रुग्णांना चाबकाचे फटके बसत. बाहेर आल्यावर भीक मागून त्यांनी रुग्णांची सेवा केली. १६९० मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले आणि पुढे ते इस्पितळांचे व रुग्णांचे आश्रयदाते ठरले. दोघांच्या जीवनाची वाट निराळी; पण दोघांनाही आधी कुलपात टाकण्यात आले, ही गोष्ट समान आहे.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि त्यांची प्रार्थना, दानधर्म व उपवास यांची आवर्जून नोंद घेतली. त्या घोषणेला साठ वर्षे उलटली. तरीही दाढी, टोपी वा बुरखा दिसताच ‘कट्टर’ हा शब्द आपल्या ओठांवर पटकन येतो. दार बंद करून गुप्तपणे प्रार्थना करण्याची शिकवण प्रभू येशूने आपल्याला दिली आहे. बंद दारामागे कोण काय मागतो हे केवळ पित्याला दिसते. शेजाऱ्याच्या भक्तीचा निवाडा करण्याची घाई आपण टाळली, तर तोही देवभयाचाच एक भाग ठरेल.