पहिलं घर कोणतं?

फेब्रुवारीचा पगार निघण्याआधी आयकराचा तक्ता जोडावा लागतो, हे शाळेत नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. १९८२ ते २०१७ मी शाळेत बाबू होतो आणि गुरुजी मंडळींचे तक्ते माझ्याच टेबलावर होत. एलआयसीच्या पावत्या, पोस्टाची पासबुकं, पिशवीत कोंबलेली घरकर्जाची कागदपत्रं. गणिताचे सरसुद्धा आपला तक्ता माझ्याकडूनच करून घेत, हे आता सांगायला हरकत नाही.

घर बांधणाऱ्याला सरकार करात काय देतं, त्याचा इतिहास मी पुस्तकात वाचला नाही, त्या तक्त्याच्या रकान्यांमध्ये बघितला. नोकरी लागली तेव्हा वजावटीची पद्धत होती. वजावट म्हणजे उत्पन्नातून रक्कम कमी करायची आणि उरलेल्यावर कर लावायचा. ज्याचा कराचा दर मोठा त्याचा फायदाही मोठा. १९९० साली अर्थमंत्री होते मधु दंडवते, आपले राजापूरचे खासदार. त्यांनी ही पद्धत मोडून कलम ८८ आणलं. आता सूट थेट करातून, गुंतवणुकीच्या २० टक्के. घरकर्जाच्या मुद्दलाचे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचे हप्ते त्यात धरत. म्हणजे दहा हजार फेडले की करातून दोन हजार वजा. मुख्याध्यापकाचे दोन हजार आणि नव्या शिक्षकाचेही दोनच हजार. आमच्या ऑफिसात त्याला ‘रिबेट’ म्हणत. पस्तीस वर्षांत मला तोच रकाना सर्वांत सरळ वाटला. २००५ साली पी. चिदंबरम यांनी तो मोडला, ८०सी आलं आणि वजावट परत आली.

मधे माझं स्वतःचं घर झालं. मोर्शीला दीड हजार फुटांचा प्लॉट आधीच घेऊन ठेवला होता. जानेवारी १९९९ मध्ये दीड लाखाचं कर्ज मंजूर झालं, व्याज १४ टक्के. २७ फेब्रुवारीला शनिवार, सकाळची शाळा. बजेट तोवर संध्याकाळी पाचला असायचं, त्या वर्षी पहिल्यांदाच अकरा वाजता. ऑफिसातल्या रेडिओवर यशवंत सिन्हा बोलत होते: राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट ३०,००० वरून ७५,०००. पण कर्ज १ एप्रिल १९९९ नंतरचं हवं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन महिने थांबला असता तर, असं त्यानंतर वर्षभर ऐकलं. बायकोनंही ऐकवलं. शेवटी एक दिवस कागद घेऊन बसलो. माझं व्याज होतं वर्षाला २१,०००. मर्यादा तीस हजार असो की पंचाहत्तर, मला काय फरक पडत होता? पुढे ती मर्यादा २००० साली एक लाख झाली, २००१ साली दीड, २०१४ साली दोन लाख. हे आकडे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचे होते. मोर्शी तालुक्यात संत्र्याचा बगीचा असणाऱ्यालासुद्धा ते मोठेच वाटत.

‘पहिलं घर’ हा शब्द माझ्या तक्त्यात आला २०१३ साली. चिदंबरम यांनीच कलम ८०ईई आणलं: पहिल्यांदा घर घेणाऱ्याला व्याजापोटी आणखी एक लाखाची वजावट; कर्ज पंचवीस लाखांच्या आत, घर चाळीस लाखांच्या आत, कर्जाची मंजुरी त्याच आर्थिक वर्षातली. २०१६ साली अरुण जेटलींनी ते नव्यानं मांडलं. आता वर्षाला ५०,०००, कर्जाची मर्यादा ३५ लाख, घराची ५० लाख. अट अशी की कर्ज मंजूर होताना तुमच्या मालकीचं दुसरं राहतं घर नको, आणि कर्ज बँकेचं किंवा गृहवित्त कंपनीचं हवं. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज इथे चालत नाही. तेवढ्यानंच आमचे निम्मे लोक गळले.

उरलेल्यांत एक तरुण सर होते, मूळचे मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरचे. अमरावतीला बत्तीस लाखांचा तयार फ्लॅट, चोवीस लाखांचं कर्ज, एप्रिल २०१६ ची मंजुरी. पहिल्या वर्षाचं व्याज सव्वादोन लाख. सगळं बसत होतं. पण वडील गेल्यावर गावातल्या घराला आई आणि तिघा भावांची नावं लागली होती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये चौघं. धाब्याचं घर, पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती, मागची खोली पावसाळ्यात बसलेली. मी मुद्दाम बघायला गेलो. ओट्यावर बसलो तर सर म्हणाले, “काका, मंग हे पयलं घर म्हनाचं का दुसरं? सांगा ना जी.”

आत चहा ठेवत होती त्यांची आई. ती तिथूनच म्हणाली, “मले काय इचारता? मी त याच घरात सून म्हनून आली.”

तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिचं बोलणं मला कलमापेक्षा जास्त पटलं. कायद्याला एक माणूस, एक नाव, एक घर एवढंच कळतं. इथे चौथा हिस्सा, त्यात आई राहते, भाऊ राहतो, आणि पडकी खोली कुणाच्या वाट्याची हे अजून ठरायचंय. सरांनी वजावट घेतली नाही. नंतर मी हिशेब केला. दोन लाखांच्या वरचं व्याज पंचवीस हजार, कराचा टप्पा दहा टक्के, वर तीन टक्के सेस. बुडाले २,५७५ रुपये.

खरी गंमत पुढे आहे. त्याच काळात शहरांसाठी पंतप्रधान आवास योजनेतलं व्याज अनुदान सुरू होतं. अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ६७ हजार थेट कर्जखात्यात. तिथली अट वेगळी: देशात कुठेही कुटुंबाचं ‘पक्कं’ घर नको. म्हणजे मातीचं धाबं असलं तरी चालायचं. तीच भिंत आयकर खात्याला घर वाटते आणि गृहनिर्माण खात्याला वाटत नाही. आणि ज्यानं गावातच राहून तीच भिंत पाडून बांधायची ठरवली, त्याला तेव्हा ग्रामीण घरकुलाची यादी, १ लाख २० हजार रुपये, हप्त्याहप्त्यानं.

हे सगळं रिद्धपुरात घडावं याचं मला कधीकधी हसू येतं. हे गाव महानुभाव पंथाचं, घर सोडणाऱ्यांचं. त्या पंथाचे श्रीगोविंदप्रभू इथे कुणाच्याही घरात शिरत, हवं ते मागून खात. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. महानुभाव इथे जी स्थानं वंदतात ती ओट्यांवरून ओळखायची: अमुक ठिकाणी बसले, तमुक ठिकाणी निजले. मालकी कुणाची, हे सांगण्यासाठी एकही ओटा बांधलेला नाही. आता मराठी भाषा विद्यापीठ आलंय आणि गावात जागेचे भाव विचारणारी माणसं दिसतात.

२०१९ साली ८०ईईए आलं: दीड लाखांची वजावट, घर ४५ लाखांच्या आत. मार्च २०२२ नंतरच्या कर्जांना तेही बंद. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, आणि २०२३-२४ पासून काही कळवलं नाही तर तीच लागू होते. माझ्यानंतर आलेल्या बाबूचा तक्ता अर्ध्या पानात संपतो.

एक सांगायचं राहिलं. १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७ या काळात ज्यांचं पहिल्या घराचं कर्ज मंजूर झालं आणि जे अजून जुन्या प्रणालीत आहेत, त्यांची ८०ईईची वजावट कर्ज फिटेपर्यंत चालू राहते. बँकेचं मंजुरीपत्र शोधून ठेवा. तारीख त्याच्यावरच असते.