भावनिक छळाचे मेंदूवर आणि शरीरावर होणारे परिणाम

“मारहाण नाही हो डॉक्टर, नुसतं बोलतात,” असे म्हणून अनेक रुग्ण विषय संपवतात. पण सततचे टोमणे, चारचौघांत अपमान, धमक्या, दिवसेंदिवस अबोला, माहेरी बोलू न देणे हा भावनिक छळच आहे. तो पुरुषांचा आणि वृद्धांचाही होतो. स्त्रियांसाठीच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब आणि साखर वाढते. साप दिसला तर हे उपयोगाचे, कारण साप निघून जातो. घरातला माणूस रोज संध्याकाळी परत येतो. दाराची कडी वाजताच पोटात गोळा येतो, तो यामुळेच. काहींमध्ये वर्षानुवर्षांच्या ताणानंतर उलट कॉर्टिसॉलचा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे रक्त तपासून किंवा एमआरआय काढून छळ सिद्ध होत नाही.

दीर्घ ताणाचा परिणाम स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर आणि विचार करणाऱ्या पुढच्या भागावरही होतो. विसरायला होते, साधा निर्णय घेता येत नाही. मग “तुला काही जमत नाही” हा टोमणा तुम्हालाच खरा वाटू लागतो.

लहानपणीचा छळ अधिक खोल जातो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भावनिक छळासह चार किंवा अधिक प्रकारचे वाईट अनुभव बालपणी आलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसने व आत्महत्येचे प्रयत्न ४ ते १२ पट अधिक आढळले. हृदयविकाराचे प्रमाणही जास्त होते. मात्र ही वाढलेली शक्यता आहे, भविष्य नव्हे. सुरक्षितता, समुपदेशन, गरजेनुसार औषधे आणि एखादे विश्वासाचे माणूस मिळाले की मेंदू सावरू शकतो.

डोकेदुखी, अपचन, धडधड, झोप न लागणे चालूच आहे आणि रिपोर्ट नॉर्मल येत आहेत? डॉक्टरांना एकट्याने भेटून घरची परिस्थिती सांगा. नातेवाइकांनी “घरोघरी हेच” म्हणू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या: टेली-मानस १४४१६, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. तुमचा मोबाइल कोणी तपासत असेल, तर शेजारणीच्या फोनवरून बोला.