रिकाम्या रात्रींचा इतिहास

इंग्लंडमधल्या पबना एक जुनं दुखणं होतं: आठवड्यातल्या काही रात्री गिऱ्हाईक फिरकायचंच नाही. १९७६ मध्ये शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी त्यावर क्विझचा उतारा काढला. सुरुवातीला ३२ संघ, पुढे आठवड्याला १०,०००. मर्सीसाइडकडे क्विझ लीग १९५९ पासून होत्याच. त्याचा धंदा केला या दोघांनी.

आपल्याकडे मात्र क्विझ पबमधून आलं नाही. १९६७ मध्ये नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात पहिलं खुलं क्विझ घेतलं, तेही चर्चच्या सभागृहात! म्हणून की काय, आपलं क्विझ बराच काळ हुशार मुलांचा प्रांत राहिलं. पबातल्या टेबलावर तसं चालत नाही. तिथे एकाला फुटबॉल येतो, एकाला जुनी गाणी, आणि तिसरा नुसता संघाचं वात्रट नाव सुचवतो. तोही लागतोच.

या फुटकळ माहितीवर मालकी कुणाची? फ्रेड वर्थ या लेखकाने चोर पकडायला आपल्या कोशात मुद्दाम एक थाप पेरली: टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव म्हणे ‘फिलिप’. ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळात नेमकं तेच उत्तर छापलेलं सापडलं. १९८४ मध्ये वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळाच्या कर्त्यांनी त्याचं पुस्तक वापरल्याचं कबूल केलं, तरी वर्थ हरला. माहिती कुणाच्या मालकीची नसते, असं कोर्टाचं म्हणणं.

आता तीच माहिती तुमच्या खिशात आहे. क्विझच्या रात्री ती खिशातच ठेवायची असते.